लोन मिटलं तरी वसुलीचे फोन येतायत? काय करायचं ते पायरीपायरीने

क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट केलं, ठरलेले पैसे भरले, बँकेचं लेटर हातात आलं, आणि वर्ष-दीड वर्षाने भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन, की सर तुमचे अजून बासष्ट हजार बाकी दिसतायत, संध्याकाळपर्यंत भरा नाहीतर घरी टीम येईल. असा फोन आलेली माणसं तुमच्याच बिल्डिंगमध्ये दोन-चार निघतील, फक्त कोणी बोलत नाही कारण कर्जाचा विषय आपल्याकडे दबक्या आवाजातच निघतो. मग माणूस एकतर घाबरून पाच हजार टाकून मोकळा होतो, नाहीतर एजंटला सणसणीत शिव्या घालून नंबर ब्लॉक करतो. पहिल्याने तुम्ही स्वतःच नवीन घोळ घालून ठेवता आणि दुसऱ्याने दोन दिवस शांतता मिळते, कारण एजन्सीकडे सिमकार्डं भरपूर असतात. माझं म्हणणं एवढंच की हे भांडण फोनवर जिंकता येत नाही, लेखी जिंकता येतं, आणि लेखी नीट भांडलात तर समोरच्याला खरोखरचे पैसे मोजायला लागू शकतात, फक्त ते पैसे बहुतेक वेळा आपणहून येत नाहीत, ठरलेल्या क्रमाने मागायला लागतात.

अमेरिकेचं वाचून इथे वाद घालू नका

नेटवर हा विषय शोधला की निम्मं-अर्धं अमेरिकेचं येतं आणि लोक तेच इथे एजंटला ऐकवायला जातात. तिकडे माणसाने बँकरप्सी म्हणजे दिवाळखोरी घेतली आणि कोर्टाने डिस्चार्ज म्हणजे कर्जातून सुटका दिली की त्या ऑर्डरबरोबरच मनाई लागू होते, त्यांच्या बँकरप्सी कोडच्या कलम ५२४ ची, म्हणजे सुटलेल्या कर्जासाठी धनकोने फोन करायचा नाही, पत्र पाठवायचं नाही, केस टाकायची नाही. केलंच तर कोर्टाचा अवमान, आणि २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याची कसोटी ठरवून दिली, की आपण करतोय ते मनाईत बसत नाही असं मानायला धनकोकडे वाजवी शंकेचीसुद्धा जागा नसेल तर त्याला अवमानासाठी धरता येतं. केस चालू असताना वसुलीवर असलेल्या स्थगितीचा जाणूनबुजून भंग केला तर नुकसानभरपाई, वकिलाचा खर्च आणि वर प्रसंगी दंडात्मक भरपाईसुद्धा. ऐकायला मस्त आहे पण ते तिकडे.

आपल्याकडे साध्या माणसाचं नादारीचं प्रकरण अजून इंग्रजांच्या कायद्यावर चालतं. मुंबई, कोलकाता, चेन्नई या तीन शहरांना १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, आणि बाकी ठिकाणी १९२० चा दुसरा. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला पर्सनल गॅरंटी दिलेल्यांसाठी १ डिसेंबर २०१९ पासून चालू झाला, तुमच्या-माझ्या पर्सनल लोनला तो नाही. म्हणजे मुंबईत कोणी नादार म्हणून जाहीर व्हायचं तर हायकोर्टात अर्ज, मालमत्ता जाते ऑफिशियल असायनी या हायकोर्टाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय धनकोला त्या कर्जासाठी नवीन दावा लावता येत नाही. पुढे डिस्चार्जची ऑर्डर मिळाली की कलम ४५ प्रमाणे त्या प्रकरणात येऊ शकणारी देणी सुटतात. सरकारी देणं सुटत नाही, फसवणुकीतून झालेलं सुटत नाही, पोटगी सुटत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे तुमचा जामीनदारही सुटत नाही, तेव्हा मेहुण्याने सही केली असेल तर त्याला फोन येणारच. अशी ऑर्डर तुमच्याकडे असेल आणि तरी कोणी मागे लागलं तर तिची सर्टिफाइड कॉपी काढून पहिल्याच पत्राला जोडा, दावा आलाच तर बचावात तीच लावा.

पण खरं सांगायचं तर असा रस्ता घेणारी माणसं फार थोडी. बहुतेकांचं कर्ज कोर्टात न जाता मिटतं, पूर्ण भरून नाहीतर सेटलमेंटने. म्हणून पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पायरी पहिली: तुमचं लोन खरंच मिटलंय का ते आधी बघा

ह्यात लोक जाम गोंधळतात. क्लोज्ड म्हणजे सगळं भरून बंद. सेटल्ड म्हणजे कमी रकमेवर तोड झाली आणि बँकेने बाकीचं सोडलं. राइट-ऑफ म्हणजे मात्र बँकेने फक्त आपल्या हिशोबाच्या वहीतून ते बुडीत म्हणून काढलं, तुमचं देणं जसंच्या तसं आहे. सिबिल रिपोर्टमध्ये राइट-ऑफ वाचून चला सुटलो असं समजणारे लोक असतात, तसं काही नसतं, तिथे बँक वसुली करू शकते, फक्त कशी करायची याचे नियम तिला लागू आहेत.

सेटलमेंट असेल तर लेटर काढून अटी परत वाचा. बऱ्याच लेटरमध्ये लिहिलेलं असतं की तीन हप्त्यांत अमुक तारखांना पैसे आले नाहीत तर ऑफर रद्द आणि पूर्ण बाकी परत चालू. दुसरा हप्ता चार दिवस उशिरा गेला असेल तर बँक तेच धरून बसेल, आणि हे तुम्हाला तक्रार करायच्या आधी माहीत पाहिजे, नंतर नाही. पैसे कुठे भरले तेही बघा. लोन अकाउंटला भरले असतील तर उत्तम, एजंटच्या पर्सनल यूपीआयवर टाकले असतील तर ते बँकेपर्यंत पोचलेच नसण्याची दाट शक्यता आहे, आणि मग हे वसुलीचं नाही, फसवणुकीचं प्रकरण होतं.

सेटलमेंट नीट झालं असेल तर कायदा तुमच्या बाजूने स्वच्छ आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६३ सांगतं की देणेकऱ्याने कमी रक्कम दिली आणि घेणाऱ्याने ती पूर्ण फेड म्हणून स्वीकारली तर सगळं कर्ज संपलं. त्यात उदाहरणही दिलंय, पाच हजारांच्या देण्यात दोन हजार घेतले, विषय मिटला. दीडशे वर्षं झाली या उदाहरणाला आणि तरी बँकेच्या कॉल सेंटरला ते नवीन वाटतं.

तिसरी एक अवस्था असते, जुनं कर्ज, ना भरलं ना सेटल केलं, नुसतीच वर्षं गेली. साध्या पैशाच्या येण्यासाठी दावा लावायची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं, घर किंवा जमीन गहाण असेल तर बारा. मुदत संपली म्हणजे कर्ज संपलं असं नाही, कोर्टात जायचा रस्ता बंद झाला इतकंच. आणि इथेच सापळा आहे. मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून देणं कबूल केलं तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात, तुमच्या सही-अक्षराची नोंद असलेलं थोडं पेमेंट असेल तरी तेच, आणि मुदत संपल्यानंतरसुद्धा भरतो असं लेखी सही करून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते नवीन वचन धरलं जातं. म्हणून एजंट प्रेमाने म्हणतो ना, की साहेब आज फक्त पाचशे टाका आणि या फॉर्मवर सही करा, मी वरती सांगून बघतो, ते पाचशे रुपये त्याला नकोच असतात.

पायरी दुसरी: कागद एका जागी आणा

सेटलमेंट लेटर किंवा फोरक्लोजर म्हणजे लोन बंद केल्याचं लेटर, पैसे भरल्याचा पुरावा यूटीआर म्हणजे व्यवहाराच्या नंबरसकट, नो ड्यूज म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, त्यालाच एनओसी म्हणतात, आणि शून्य बाकी दाखवणारं लोन स्टेटमेंट. एवढं असलं की पुरे. एनओसी नसेल तर आजच ब्रांचला आणि कस्टमर केअरला ईमेल करून मागा, लोक ब्रांचमध्ये तोंडी मागून खेटे घालत बसतात आणि साहेब जेवायला गेलेत हे ऐकून परत येतात, त्यापेक्षा मेलची तारीख कामाला येते. बँकेला दिलेले सिक्युरिटी चेक परत मागा, आणि खात्यावर नॅचचं मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, चालू असेल तर ते स्वतः रद्द करा, नाहीतर मिटलेल्या लोनचा हप्ता कापायचा प्रयत्न होतो, खात्यात पैसे नसतात, बाउन्स होतो, आणि त्याचं वेगळंच लचांड मागे लागतं.

गाडी किंवा घर असेल तर इथे थेट पैशाचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की पर्सनल लोन, आणि यात होम लोन पण धरलंय, पूर्ण फिटलं किंवा सेटल झालं की तीस दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. घराचे कागद गहाळ केले असतील तर डुप्लिकेट काढायला मदत आणि खर्च बँकेचा, त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात. गाडीचं कर्ज फिटलं की फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन हायपोथिकेशन म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा काढून टाका, ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली जे तुमचं आरटीओ असेल तिथलं.

क्रेडिट कार्ड बंद करायला सांगितलं, बाकी शून्य आहे, आणि सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेने तुम्हाला दर दिवसाला पाचशे रुपये द्यायचे, हा २०२२ चा नियम. कार्ड बंद करायची विनंती लेखी पाहिजे हे सांगायला नको.

पायरी तिसरी: फोन आला की काय बोलायचं

कमी बोलायचं. नाव काय, कुठल्या एजन्सीतून, कुठल्या बँकेसाठी, लोन अकाउंटचे शेवटचे चार आकडे काय, आणि तुमचं ऑथरायझेशन लेटर बँकेच्या ऑफिशियल ईमेलवरून पाठवा. मग एकच वाक्य, की हे लोन अमुक तारखेला मिटलंय, पुढे मला फक्त लेखी कळवा. पॅन, आधार, ओटीपी, खात्याचा नंबर काही सांगायचं नाही, एनओसीसुद्धा त्याच्या व्हॉट्सअपवर पाठवायची नाही, ती बँकेला पाठवायची. कॉल रेकॉर्ड करा आणि मूळ फोनमधून डिलीट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत सर्टिफिकेट लागतं आणि मूळ डिव्हाइस असलं की ते सोपं जातं. एका वहीत तारीख, वेळ, नंबर, काय बोलला असं टिपत जा, कंटाळवाणं काम आहे पण पुढच्या सगळ्या तक्रारी ह्या वहीवरच उभ्या राहतात.

नियम काय मोडतायत तेही त्यातच दिसतं. ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन चालत नाही, मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाच. शिवीगाळ नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना, मित्रांना किंवा रेफरन्स म्हणून नाव दिलेल्यांना त्रास नाही, मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर घाणेरडे मेसेज नाहीत. म्हणजे एजंटने बीकेसीच्या ऑफिसात रिसेप्शनला फोन करून तुमचं कर्ज सांगितलं, किंवा सोसायटीच्या वॉचमनला गेटवर सगळ्यांसमोर ऐकवलं की तीनशे दोनवाले पैसे बुडवून बसलेत, तर लोन खरोखर बाकी असलं तरी तो नियमभंग आहे. मिटलेलं असेल तर दुप्पट. वॉचमनचं नाव, वेळ आणि गेटचं सीसीटीव्ही लगेच सेक्रेटरीकडे मागून ठेवा, रेकॉर्डिंग फार दिवस राहत नाही.

घरी कोणी आलं तर आयकार्ड आणि बँकेचं पत्र बघितल्याशिवाय दार उघडायची गरज नाही. आणि पोलीस घेऊन येतो, अटक होईल वगैरे ऐकून हातपाय गाळू नका, लोन न भरणं हा आपल्याकडे दिवाणी मामला आहे, पोलीस वसुलीला येत नसतात. चेक बाउन्सची केस किंवा मुळातच खोटे कागद देऊन कर्ज काढलं असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी चौथी: बँकेला एक नीट मेल

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण पुढचे सगळे दिवस ह्या मेलच्या तारखेपासून मोजले जातात. मेल एजन्सीला नाही, बँकेला किंवा एनबीएफसीला, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीला, करायचा. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते, तो आमचा माणूस नाही असं म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. कस्टमर केअरला पाठवा, ग्रिव्हन्स ऑफिसर आणि नोडल ऑफिसरला सीसी करा, हे पत्ते बँकेच्या वेबसाइटवर तळाला बारीक अक्षरात असतात. तक्रार नंबर मिळाल्याशिवाय तक्रार झाली असं समजू नका. मजकूर साधा ठेवा, साधारण असा:

"माझं पर्सनल लोन, खातं क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या तुमच्या सेटलमेंट पत्राप्रमाणे दिनांक अमुकला पूर्ण मिटलेलं आहे. पत्र, पेमेंटचा पुरावा आणि एनओसी जोडली आहे. तरीही दिनांक अमुकपासून खालील नंबरांवरून वसुलीचे कॉल येत आहेत, यादी आणि रेकॉर्डिंग जोडलं आहे. कृपया एक, वसुली ताबडतोब थांबवून एजन्सीला लेखी कळवावं. दोन, खात्यात शून्य बाकी असल्याचं पत्र द्यावं. तीन, हे कर्ज कोणाला विकलं किंवा सोपवलं असल्यास त्याचं नाव आणि तारीख कळवावी. चार, चारही क्रेडिट ब्युरोंकडची माहिती दुरुस्त करावी. पाच, झालेल्या त्रासाबद्दल इतक्या रुपयांची भरपाई द्यावी."

भरपाईचा आकडा घाला, लाजू नका. मागितलीच नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर तो मुद्दा लंगडा पडतो.

तिसरा मुद्दा मुद्दाम घातलाय. बँका जुनी बुडीत कर्जं गठ्ठ्याने एआरसीला म्हणजे असेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकतात, आणि त्या एक्सेलच्या गठ्ठ्यात मिटलेली खातीही कधीकधी वाहून जातात. मग नवीन मालक प्रामाणिकपणे तुमच्या मागे लागतो कारण त्याच्या यादीत तुमचं नाव आहे. अशा वेळी मेल दोघांनाही करा, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, आणि कर्ज सोपवल्याचं पत्र मागा. ज्याने मिटलेलं कर्ज विकलं त्याने ते परत निस्तरायचं, तुम्ही मधे निरोप्या व्हायचं नाही.

पायरी पाचवी: सिबिल

फोन थांबले तरी रिपोर्टमध्ये घाण राहिली तर पुढचं होम लोन अडकतं, आणि मुंबईत होम लोनशिवाय घर घेणारे किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, तुमच्या कर्जाचा इतिहास ठेवणारे हे चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, तेव्हा चारही काढा. कुठल्या जाहिरातवाल्या ॲपला पैसे द्यायची गरज नाही, स्कोर वाढवून देतो म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही.

एक नीट समजून घ्या. तुम्ही कमी रकमेवर सेटल केलं असेल तर सेटल्ड असा शिक्का बरोबरच आहे, ती चूक नाही, त्यावर डिस्प्यूट टाकून उपयोग नाही. चूक कधी, तर सेटल झाल्यानंतरही करंट बॅलन्स किंवा ओव्हरड्यू शून्य दिसत नसेल, पूर्ण भरलेलं लोन चालू किंवा राइट-ऑफ दिसत असेल, किंवा तेच लोन बँक आणि एआरसी अशा दोन नावांनी दोनदा दिसत असेल. तेवढ्याच ओळीवर बोट ठेवून ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट टाका आणि एनओसी जोडा.

इथे पैसे आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम सांगतो की तक्रार केल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यानंतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. बँकेने ब्युरोला दुरुस्ती कळवायला एकवीस दिवस, तिने उशीर केला तर ती देणार, तिने वेळेत कळवून ब्युरो झोपला तर ब्युरो देणार. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामाच्या दिवसांत ते पैसे खात्यात यायला पाहिजेत. शंभर रुपये म्हणजे आजकाल दोन वडापाव आणि चहा झाला की संपले, पण प्रकरण सहा महिने लोंबकळलं तर आकडा बरा होतो, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे रोज मीटर पडतंय म्हटल्यावर फाइल हलते.

पायरी सहावी: लोकपाल

बँकेने नकार दिला, अर्धवट उत्तर दिलं किंवा तीस दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बँकेचं उत्तर नसताना तीस दिवसांच्या आधी गेलात तर तक्रार परत येते, नवखे लोक हमखास इथे घाई करतात. २०२१ च्या योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत होती, पण उशीर करू नका. तक्रार ऑनलाइन रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करायची, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे, फी काही नाही आणि वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. २०२१ च्या योजनेत लोकपाल प्रत्यक्ष नुकसानीसाठी वीस लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यासाठी वेगळे एक लाखापर्यंत भरपाई देऊ शकतो अशी तरतूद केली. म्हणजे देतोच असं नाही, देऊ शकतो. तुमच्या वहीतल्या नोंदी आणि रेकॉर्डिंग इथे बोलतात.

एकाच प्रकरणासाठी आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

सगळेच धनको या योजनेत येत नाहीत हेही बघून घ्या. हौसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हौसिंग बँकेकडे. पतपेढीचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँक त्यात नाहीच, तिथे सहकार खात्याचे उपनिबंधक, आणि पतपेढी सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची भीती घालत असेल तर त्या दाखल्याच्या सुनावणीतच पावत्या घेऊन हजर राहायचं, नंतर रडून फायदा नाही. गल्लीतला सावकार असेल तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा, लायसन्स आहे का विचारा, तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे.

आता दंडाबद्दल एक गोष्ट, कारण बातम्या वाचून लोकांच्या अपेक्षा वाढतात. मार्च २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रिकव्हरी एजंटांच्या बाबतीतल्या त्रुटींसाठी आरबीएल बँकेला सव्वादोन कोटींच्या वर दंड केला. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये महिंद्रा फायनान्सला बाहेरचे एजंट वापरून वसुली करायलाच बंदी घातली होती, ती काही महिन्यांनी उठली. हे दंड तक्रारदाराच्या खिशात जात नाहीत. तुमची भरपाई तुम्हाला वेगळी मागायला लागते. तरी तक्रारीचा ढीग जमला की असल्या कारवाया होतात, म्हणून नुसतं ब्लॉक करण्यापेक्षा नोंद करणं मला जास्त पटतं.

पायरी सातवी: धमकी आली तर पोलीस, थांबायचं नाही

धमकीला तीस दिवसांचा नियम नाही. मारू, उचलून नेऊ, बायकोचे फोटो मॉर्फ करून टाकू, असलं काही आलं तर त्याच दिवशी पोलीस स्टेशन. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, तिच्या कलम ३५१ मध्ये धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि जिवे मारण्याची किंवा गंभीर इजेची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. देणं नसताना धाक घालून पैसे काढले तर खंडणीचं कलम ३०८. चौकीत बहुतेक वेळा एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेऊन पाठवायला बघतात, तर लेखी अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकावर शिक्का मारून घ्या. फोटो, लोन ॲप, व्हॉट्सअपवरचा छळ असेल तर १९३० नंबर आणि सायबर क्राइमचं पोर्टल. ॲपवाल्यांनी तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या आत्या-मावशीला मेसेज केले असतील तर त्यांच्याकडूनही स्क्रीनशॉट मागवा, नंबर आणि वेळ दिसेल असे. बँकांच्या सर्व्हिस कॉलसाठी आता १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, साध्या दहा आकडी नंबरवरून कोणी स्वतःला बँकेचा मॅनेजर म्हणवत असेल तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून तक्रारीची सोय आहे, तिथे तो नंबर टाकून द्या.

शेवटी ग्राहक आयोग आणि कोर्टाचे कागद

लोकपालाकडे समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, मुंबईत शहर आणि उपनगर यांचे वेगवेगळे आहेत, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि स्वतः उभं राहता येतं. वेळ लागतो, तारखा पडतात, ते धरून चाला. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर, महिलांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि व्हॉट्सअपवर येणाऱ्या नोटिसा. तराजूचं चित्र, लाल अक्षरं, लोक अदालत, अंतिम सूचना, असं काहीबाही असतं. त्यातल्या बऱ्याच नुसत्या पीडीएफ असतात. पण म्हणून सगळ्याच फेकायच्या नाहीत. केस नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघा, लोक अदालतीची असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात विचारा. खरं समन्स, लवादाची नोटीस किंवा चेक बाउन्सची वकिली नोटीस असेल तर लोन मिटलेलं असलं तरी उत्तर द्यायलाच लागतं, चेकच्या नोटिशीला तर पंधरा दिवसच असतात. मिटलेल्या लोनवर तुम्ही हजर न राहता एकतर्फी निकाल झाला तर तो उलटवायला जो त्रास होतो त्यापुढे सेटलमेंट लेटरची एक झेरॉक्स लावून वेळेत दिलेलं दोन पानी उत्तर काहीच नाही. लवादाची नोटीस असेल आणि लवाद बँकेने एकटीनेच नेमलेला असेल तर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या, आणि त्या उत्तराची प्रत बँकेच्या नोडल ऑफिसरला त्याच दिवशी मेल करून टाका.